मांजर बघतंय ती मिरवणूक

उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं 1857 सालचं एक चित्र आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारण असा: ‘असाकुसाची भातशेतं आणि तोरी नो माचीचं देवदर्शन’. नाव वाचून आपण चित्रात जत्रा शोधू लागतो आणि दिसतं एक मांजर. पांढरंशुभ्र, गुबगुबीत, आखूड शेपटीचं. खिडकीच्या कट्ट्यावर अंग आकसून बसलंय आणि लाकडी गजांमधून बाहेर बघतंय. त्याच्या शेजारी कट्ट्यावर एक वाडगा आणि एक टॉवेल. खाली जमिनीवर, चित्राच्या डाव्या कडेला, एका पडद्याची नुसती किनार आणि तिच्याजवळ कागदावर ठेवलेल्या केसांत खोवायच्या काही काड्या. खोलीत माणूस दिसत नाही.

मग ज्या जत्रेचं नाव चित्राला दिलं आहे ती कुठे आहे? गजांच्या पलीकडे बघा. संध्याकाळ झाली आहे, क्षितिजावर लाली आहे, दूर फुजी पर्वत आहे, आकाशात रानबदकांचा थवा उतरतो आहे. खाली भातशेतं पसरली आहेत आणि त्यांच्यामधून मुंग्यांएवढ्या माणसांची एक रांग चालली आहे. डोळे बारीक करून पाहिलं तर त्या माणसांच्या खांद्यांवर काहीतरी उंच, फुगीर दिसतं. ती दंताळी आहेत. हीच ती मिरवणूक.

हिरोशिगेला मिरवणूक काढता येत नव्हती असं मुळीच नाही. हे चित्र ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतलं आहे; एदो म्हणजे आजचं टोकियो. याच मालिकेत त्याने सान्नो उत्सवाच्या मिरवणुकीचं चित्र केलं आहे: एदोच्या किल्ल्याचा खंदक, किल्ल्याच्या दरवाज्याकडे निघालेली माणसं, उंच रथ, सगळा थाट. सान्नो आणि कांदा हे एदोचे दोन सर्वांत मानाचे उत्सव. 1681 पासून ते आलटून पालटून, एका वर्षी हा आणि पुढच्या वर्षी तो, असे होत आणि दोन्हींच्या मिरवणुकांना खुद्द शोगुनाच्या, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाच्या, किल्ल्यात शिरायची मुभा होती. म्हणजे थाटामाटाची मिरवणूक कशी रंगवायची हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी असाकुसाच्या जत्रेला त्याने बोटभर जागा दिली आणि मांजराला चित्राचा अर्धा भाग दिला. असं का केलं असेल, हे समजून घ्यायचं तर तीन गोष्टी ठाऊक हव्यात: ही जत्रा कशाची होती, ही खिडकी कुठली आहे आणि लाकडी ठशांची अशी चित्रं बनत कशी. तेव्हाच्या एदोतल्या माणसाला या तिन्ही गोष्टी कुणी सांगाव्या लागत नव्हत्या.

कोंबड्याच्या दिवसाची जत्रा

जुन्या जपानी दिनदर्शिकेत वर्षांना जशी बारा प्राण्यांची नावं आहेत तशीच ती दिवसांनाही होती. उंदीर, बैल, वाघ, ससा अशी ओळ सुरू होते, बारा दिवसांनी संपते आणि पुन्हा उंदरापासून चालू होते. त्यातला दहावा दिवस कोंबड्याचा. वर्षाच्या अकराव्या महिन्यात जे कोंबड्याचे दिवस येतील त्या दिवशी ही जत्रा भरायची. बारा-बारा दिवसांचं चक्र असल्यामुळे एका महिन्यात असे दिवस कधी दोन येतात, कधी तीन. तिसरा दिवस आला की त्या वर्षी आगी फार लागतात, अशी समजूत होती आणि ती अजूनही लोकांच्या तोंडी आहे. लाकूड आणि कागदाची घरं असलेल्या त्या शहरात आगीची धास्ती बारमाही असायची.

ही दिनदर्शिका मराठी पंचांगाच्या वाचकाला परकी वाटणार नाही. महिने चंद्रावर चालायचे आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून अधिक महिना घातला जायचा. त्यामुळे जुना अकरावा महिना म्हणजे नोव्हेंबर असं समजायचं नाही. 1857 साली तो डिसेंबरच्या मध्याला सुरू झाला. चित्रातली संध्याकाळ म्हणूनच कडाक्याच्या थंडीची आहे, आणि अंग चोरून बसलेलं मांजर बघितलं की ते आपोआप कळतं. जपानने 1873 साली पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि तेव्हापासून ही जत्रा नोव्हेंबरात भरू लागली. आज तिला तोरी नो इची म्हणतात.

जत्रेचं मूळ शेतकऱ्यांचं. एदोच्या उत्तरेला हानामाता नावाचं गाव होतं, आता ते टोकियोच्या आदाची भागात येतं. तिथल्या देवस्थानात सुगीनंतर शेतकरी जमत आणि देवाला कोंबडे वाहत. वाहिलेले कोंबडे मारत नसत, ते नंतर असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात नेऊन सोडून देत. जत्रेच्या बाजारात शेतीची अवजारं विकायला यायची आणि त्यांत बांबूचं दंताळं असायचंच. पालापाचोळा गोळा करायचं साधं अवजार. पुढे शहरातल्या व्यापाऱ्यांना त्यात वेगळाच अर्थ दिसला: दंताळ्याने पाला ओढला जातो तसं नशीब आणि पैसा आपल्याकडे ओढला जावा. दंताळ्यावर सजावट चढू लागली, सोन्याची नाणी, भाताच्या ओंब्या, हसऱ्या गोबऱ्या गालांच्या ओकामे या बाईचा मुखवटा. त्याला कुमादे म्हणतात. त्याच्याबरोबर राळ्याचे मोची, म्हणजे चिकट गोळे, आणि अळूचे मोठे कंद विकले जायचे. पिवळे राळे म्हणजे सोनं आणि एका कंदाला अनेक डोळे फुटतात म्हणून वंशवृद्धी, असा त्यांचा अर्थ लावला जाई.

हानामाता शहरापासून बरंच लांब होतं. हळूहळू असाकुसाजवळच्या भातशेतांच्या कडेला असलेल्या स्थानाकडे गर्दी वळली. तिथे चोकोकुजी नावाचं बौद्ध मंदिर होतं आणि त्यातच गरुडदेवतेची पूजा व्हायची. मंदिर बौद्ध आणि देवता शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातली, हे तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. 1868 नंतर मेइजी सरकारने दोन्ही धर्मांच्या जागा वेगळ्या करायला लावल्या, म्हणून आज तिथे चोकोकुजी मंदिर आणि ओतोरी देवस्थान शेजारी-शेजारी उभी आहेत आणि जत्रा दोघांची मिळून भरते.

तर चित्रातली ती रांग ही आहे. त्यात रथ नाहीत, पालख्या नाहीत, मानकरी नाहीत. दुकानदार, कारागीर, खाणावळवाले, हमाल, बायाबापड्या दर्शन घेऊन पुढच्या वर्षाचं नशीब खांद्यावर टाकून चालले आहेत. मला ही साधी माणसांची मिरवणूक सान्नोच्या रथांपेक्षा जवळची वाटते, आणि हिरोशिगेलाही तशी वाटत असावी. ज्या काळजीने त्याने ती इवलीशी दंताळी एकेक करून दाखवली आहेत ती काळजी उगाच घेतलेली नाही.

खिडकी कुठली

चित्राच्या शीर्षकात एका जागेचं नाव नाही, आणि सगळं चित्र त्या जागेतून काढलेलं आहे. ती जागा म्हणजे योशिवारा.

योशिवारा ही एदोची सरकारमान्य वेश्यावस्ती. 1617 साली तिला परवानगी मिळाली, तेव्हा ती शहराच्या मध्याजवळ होती. 1657 च्या प्रचंड आगीनंतर तिला शहराबाहेर, असाकुसाच्या मागच्या भातशेतांत हलवलं. चौकोनी वस्ती, चारी बाजूंनी खंदक, आत-बाहेर करायला एकच मोठा दरवाजा आणि त्यावर पहारा. आत काही हजार बायका राहायच्या. बहुतेक जणी गरीब घरांतल्या. आईबापांनी आगाऊ पैसे घेऊन त्यांना लहानपणीच तिथे दिलेलं असायचं, आणि त्या पैशांची फेड होईपर्यंत, म्हणजे बहुधा दहा वर्षं, त्या बाहेर पडू शकत नसत. कपडे, अंथरूण, खोलीची सजावट यांचा खर्चही त्यांच्याच नावावर चढायचा. त्यामुळे फेड लांबत जायची.

जत्रेचं देवस्थान योशिवाराच्या अगदी मागे, पश्चिमेला. म्हणून कोंबड्याच्या दिवशी योशिवाराचे एरवी बंद असलेले मागचे दरवाजेही उघडत, खंदकावरचे उचलते पूल खाली टाकत आणि जत्रेची गर्दी वस्तीतून वाहू लागे. एरवी बाहेरच्या बाईला तिथे सहज शिरता येत नसे, पण त्या दिवशी घरंदाज बायका, मुलंबाळं सगळे आतून चालत जाऊ शकत. शहरासाठी ती मोठीच मौज होती. पुरुषांना तर देवदर्शनाचं निमित्त आयतंच मिळे.

आतल्या बाईसाठी हा दिवस कसा असायचा? योशिवारात वर्षातले काही सणाचे दिवस ठरलेले होते. त्या दिवशी गिऱ्हाइकाला जादा दर पडे, आणि आपल्याकडे कुणीतरी येईल याची तजवीज बाईने स्वतः करायची. पत्रं लिहायची, जुन्या ओळखीच्यांना गळ घालायची. कुणीच आलं नाही तर त्या दिवसाची रक्कम तिच्याच कर्जात मिळवली जाई. म्हणजे सगळं शहर नशीब ओढून आणायला दारावरून जात होतं आणि तिच्यासाठी तो दिवस वर्षातल्या सर्वांत धास्तीच्या दिवसांपैकी एक होता.

आता पुन्हा खोलीत या आणि जमिनीवरच्या त्या काड्या बघा. त्यांच्या टोकाला दंताळ्याचा आकार आहे. जत्रेत मिळणारी ही छोटी कुमादे, केसांत खोवायला केलेली. कागदाची घडी उघडून ठेवलेली आहे, म्हणजे भेट नुकतीच आली आहे. कुणीतरी जत्रेला जाऊन, तिथून या काड्या घेऊन, उघड्या दरवाज्याने इथे आलं आहे. पडद्याच्या कडेला मऊ कागदाचा गठ्ठाही डोकावतो. योशिवाराच्या खोलीत तो कशासाठी ठेवलेला असायचा हे एदोच्या वाचकाला ठाऊक होतं. कट्ट्यावरचा वाडगा आणि टॉवेलही त्याच कामातले. बाई आणि गिऱ्हाईक पडद्याआड आहेत, असंच बहुतेक जाणकार हे चित्र वाचतात. काही जण म्हणतात की गिऱ्हाईक गेलं आहे. चित्र दोन्हींना जागा देतं. मला पहिलं वाचन जास्त पटतं, कारण पडदा डाव्या कडेने असा कापला आहे की चित्रकाराने आपली नजर मुद्दाम तिथून वळवून खिडकीकडे नेली, असं वाटतं. बघण्यासारखं सगळं त्याने बाहेर ठेवलं आणि सांगण्यासारखं सगळं आत, तेही न दाखवता.

मांजराचं काम इथे कळतं. बाई चित्रात नाही, म्हणून तिच्या जागी ते बघतं. मिरवणूक तिच्या खिडकीखालून जाते, तिला ती दिसू शकते, पण त्या रांगेत जाऊन उभं राहता येत नाही. मांजराच्या आणि रांगेच्या मध्ये ते लाकडी गज आहेत. एदोतल्या खिडक्यांना गज असायचेच, त्यात नवल काही नाही. पण चित्रकार खिडकी कुठूनही दाखवू शकला असता. त्याने गज पूर्ण उंचीचे, सरळ, मिरवणुकीच्या बरोबर समोर उभे केले.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. हिरोशिगेने बायकांच्या दुःखावर टीका म्हणून हे चित्र काढलं, असं म्हणायला काहीही पुरावा नाही. ही चित्रं विकण्यासाठी होती आणि योशिवारा हा त्या बाजाराचा आवडता विषय होता. गिऱ्हाइकांना त्या जगाची ओढ असायची, आणि ही पांढरी मांजर, संध्याकाळ, फुजी पर्वत हे सगळं लोकांना आवडेल म्हणूनच केलेलं आहे. तरी चित्र जे दाखवतं ते दाखवतंच. इतक्या जवळून, इतक्या शांतपणे या खोलीत उभं राहिल्यावर बंद दारांची जाणीव झाली नाही, असं मला शक्य वाटत नाही.

ठसा, कागद आणि चौघांचा हात

आपण सहज ‘हिरोशिगेचं चित्र’ म्हणतो, पण त्याने कागदावर काढलेलं मूळ रेखाटन आज कुठेच नाही. ते असूच शकत नाही, कारण चित्र तयार होताना ते नष्ट होतं. हा सगळा प्रकार समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात प्रकाशकापासून व्हायची. विषय ठरवणं, पैसा घालणं, कारागीर मिळवणं आणि शेवटी दुकानात विकणं, ही सगळी जोखीम त्याची. या मालिकेचा प्रकाशक होता उओया एइकिची. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेषा काढून देई. तो कागद तपासणाऱ्यांकडून मंजूर व्हावा लागे. 1790 पासून छापील चित्रांवर मंजुरीचा शिक्का घेणं बंधनकारक होतं. या चित्रावरही असा शिक्का आहे आणि त्यावर ‘सर्पवर्ष, अकरावा महिना’ अशी नोंद आहे. 1857 हे सर्पाचं वर्ष होतं. म्हणूनच आपण इतक्या खात्रीने सांगू शकतो की ज्या महिन्यात जत्रा भरते त्याच महिन्यात हे चित्र मंजूर झालं. प्रकाशकाला बाजाराची नाडी कळत होती.

मग तो रेखाटनाचा कागद रानचेरीच्या फळीवर पालथा चिकटवत. चेरीचं लाकूड घट्ट आणि बारीक धाग्याचं, त्यामुळे केसाएवढी रेष टिकते. कोरणारा कागदातून दिसणाऱ्या रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकी आणि त्याच्याबरोबर कागदही जाई. उरतो तो रेषांचा मुख्य ठसा. त्यावरून काळ्या रेषांच्या काही प्रती काढत आणि चित्रकार त्यांवर कुठे कोणता रंग हवा ते लिहून देई. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. नाजूक भाग, केस, चेहरे हे मुरलेल्या कारागिराचं काम. मोठ्या सपाट जागा शिकाऊ मुलं कोरत.

छपाई करताना कापडावर ठसे मारणाऱ्याच्या उलट रीत असते. इथे ठसा खाली आणि कागद वर. ब्रशने लाकडावर रंग आणि थोडी तांदळाची खळ पसरायची, ओलसर कागद त्यावर ठेवायचा आणि पाठीमागून बारेनने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या दोरीचं वेटोळं, एका चकतीत बसवून वरून बांबूची सालच गुंडाळलेलं. यंत्र नाही, दाबाचा स्क्रू नाही. दाब किती, हे छापणाऱ्याच्या खांद्यात. कागद कोझो झुडपाच्या सालीचा, लांब धाग्यांचा, आणि सरस व तुरटीचं पाणी दिलेलं, म्हणून रंग फुटत नाही आणि दहा-पंधरा वेळा घासूनही कागद फाटत नाही.

दहा-पंधरा वेळा एकाच जागी कागद बसवायचा कसा? प्रत्येक ठशावर दोन खुणा कोरलेल्या असतात. एका कोपऱ्यात काटकोनाची खाच आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिलीत आणि कड दुसरीत टेकवली की झालं. या खुणांना केन्तो म्हणतात. इतकी साधी युक्ती, पण तिच्याशिवाय 1765 च्या सुमारास सुरू झालेली बहुरंगी छपाई चाललीच नसती. मांजराच्या चित्रात उभे गज आणि त्यांच्यामधली ती बारीक रांग, हे सगळं वेगवेगळ्या ठशांवरून येतं. कागद केसभर सरकला की रांग गजावर चढेल.

आकाशाकडे नीट पाहा. क्षितिजाजवळची लाली वर जाताना विरत जाते आणि आभाळ वरच्या कडेला गडद होतं. हे ठशात कोरलेलं नसतं. ठसा सपाटच. छापणारा त्या सपाट लाकडावर ओल्या फडक्याने पाणी फिरवतो, ब्रशच्या एका कोपऱ्यालाच रंग लावतो आणि असा फिरवतो की रंग एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला नाहीसा होतो. मग कागद ठेवून घासतो. पुढच्या प्रतीसाठी हेच सगळं पुन्हा. याला बोकाशी म्हणतात. संध्याकाळची जी हळवी छटा आपण हिरोशिगेच्या नावावर जमा करतो, ती प्रत्यक्षात एका निनावी छापणाऱ्याच्या मनगटातून आली आहे. या चित्रांवर चित्रकाराचं नाव असतं, प्रकाशकाचा शिक्का असतो. कोरणाऱ्याचं नाव क्वचित असतं आणि छापणाऱ्याचं त्याहून क्वचित. मला हे मनाला लागतं.

निळ्या रंगाचीही एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वीचे निळे रंग वनस्पतींचे, लवकर उडणारे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा 1820 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये स्वस्तात मिळू लागला आणि निसर्गचित्रांचं रूपच बदललं. तो गडदही होतो, पातळ केला तर नितळही राहतो आणि टिकतोही. बोकाशीसाठी याहून चांगला रंग नव्हता.

आणि मांजर? चांगल्या, सुरुवातीच्या प्रतींमध्ये मांजराच्या अंगाला रंग नसतो. ते कागदाचंच पांढरं आहे. त्या जागी कागद शाईशिवाय दाबून त्याला उठाव दिलेला असतो. प्रत हातात घेऊन तिरप्या उजेडात धरली की पाठीचा गोलवा खरोखर उठलेला दिसतो. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर बघणाऱ्याला हे कळणार नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हिरोशिगेचं शेवटचं मोठं काम

हिरोशिगेचा जन्म 1797 सालचा, एदोतलाच. वडील किल्ल्याच्या अग्निशमन दलात अधिकारी होते आणि ती जबाबदारी त्याच्याकडे लहानपणीच आली. चित्रकार म्हणून नाव झालं ते 1830 च्या दशकात, एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गाच्या चित्रांनी. मांजराचं चित्र ज्यात आहे ती ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ ही मालिका त्याने 1856 साली हाती घेतली. नावात शंभर असली तरी चित्रं शंभराहून जास्त झाली. 1858 साली तो वारला, ज्या वर्षी एदोत पटकीची साथ होती. नंतर शिष्याने काढलेलं एक चित्र धरून संच 119 चित्रांचा झाला. ती ऋतूंनुसार लावली गेली आणि त्या क्रमात मांजराचं चित्र 101 व्या जागी, हिवाळ्यात येतं.

मालिका सुरू व्हायच्या जरा आधी, नोव्हेंबर 1855 मध्ये एदोला मोठा भूकंप झाला होता. रात्रीची वेळ होती, ठिकठिकाणी आगी लागल्या. योशिवाराचं नुकसान भयंकर झालं. खंदक आणि एकच दरवाजा, त्यामुळे शेकडो बायका आतच मेल्या. जवळच मिनोवा भागात जोकानजी नावाचं मंदिर आहे, तिथे त्यांना पुरलं. योशिवारात मेलेल्या बायकांचं स्मारक आजही त्या मंदिराच्या आवारात आहे. मांजर ज्या खोलीत बसलं आहे तशा खोल्या 1857 साली त्या राखेवर नव्याने उभ्या होत्या. आगीशी पिढीजात संबंध असलेल्या घरातल्या चित्रकाराला याचा विसर पडला नसणार. पण मालिकेत कुठेही मोडतोड नाही, जळकी घरं नाहीत. लोकांना आपलं शहर पुन्हा धड दिसावं, एवढं तिने केलं आणि ती तडाख्यात विकली गेली.

मालिकेतली एक खासियत या चित्रात फार ताकदीने वापरली आहे. निसर्गचित्र तोवर बहुधा आडवं असे. हिरोशिगेने कागद उभा धरला. उभ्या कागदात रुंदी मिळत नाही, म्हणून त्याने खोली वापरली: एखादी वस्तू अगदी नाकासमोर, मोठी, कडेला कापलेली, आणि तिच्या पलीकडे लांबवरचा देखावा. कुठे झाडाचं खोड, कुठे घोड्याचे मागचे पाय. युरोपातल्या चित्रकारांना याचं फार आकर्षण वाटलं. व्हॅन गॉगने 1887 साली याच मालिकेतली दोन चित्रं, पावसातला पूल आणि आलुबुखारची बाग, तैलरंगात उतरवून काढली. पण बागेच्या चित्रात ही युक्ती डोळ्यांना सुखावते, तर मांजराच्या चित्रात जवळ आणि दूर यांमधलं अंतर हाच विषय होऊन बसतो.

पाहायचं असेल तर

या मालिकेचा एक पूर्ण संच अमेरिकेतल्या ब्रुकलिन संग्रहालयाकडे आहे आणि त्याची छायाचित्रं घरबसल्या मोठी करून बघता येतात. इतरही अनेक संग्रहालयांत या चित्राच्या प्रती आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. कारण उघड आहे. पहिल्या प्रती चित्रकाराच्या सूचनेप्रमाणे, सावकाश छापल्या जात. मागणी वाढली की बोकाशी कमी केली जाई, वेळखाऊ छटा गाळल्या जात, रंग बदलत, ठसे झिजून रेषा जाड होत. म्हणून दोन-तीन प्रती शेजारी ठेवून बघा. आकाशाची वरची कड कशी विरते, क्षितिजावरची लाली आहे की नुसती सपाट पट्टी, रानबदकं बारीक आहेत की फुगलेली, आणि भातशेतांमधल्या रांगेतली दंताळी वेगवेगळी मोजता येतात का. चांगल्या प्रतीत ती मोजता येतात.